टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’: स्वातंत्र्य आणि तग धरणं यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘बिलव्हेड’ नुकती हातात घेतलेले, अर्ध्यावर अडकलेले आणि वाचून झाल्यावर झोप उडालेले वाचक जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरांमधून कथानक उघड होतं. पुस्तक कोऱ्या मनाने वाचायचं असेल तर पहिल्या दोन प्रश्नांवर थांबा.

कादंबरी थोडक्यात कशाबद्दल आहे?

साल १८७३. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून आठ वर्षं झाली आहेत आणि गुलामगिरी कायद्याने बंद झाली आहे. ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहराच्या कडेला, ब्लूस्टोन रोडवरच्या १२४ नंबरच्या घरात सेथा आणि तिची अठरा वर्षांची मुलगी डेन्व्हर अशा दोघीच राहतात. दोन मुलगे घर सोडून पळून गेले आहेत, सासू बेबी सग्ज वारली आहे. घरात एका रांगत्या मुलीच्या आत्म्याचा वावर आहे आणि तो कुणाला स्वस्थ बसू देत नाही. एक दिवस सेथाच्या गुलामीच्या दिवसांतला सोबती पॉल डी दारात येतो आणि आरडाओरडा करून त्या आत्म्याला हुसकावून लावतो. काही दिवसांनी घराबाहेर एका झाडाच्या बुंध्यावर एक तरुण मुलगी बसलेली दिसते. ती आपलं नाव बिलव्हेड (म्हणजे लाडकी) सांगते. सेथाच्या मेलेल्या मुलीच्या थडग्यावर हाच एक शब्द कोरलेला आहे.

कादंबरी १९८७ साली आली, १९८८ साली तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि १९९३ साली मॉरिसन साहित्याचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या.

पहिली पन्नास पानं काही केल्या कळत नाहीत. काय करावं?

बहुतेकांचं तसंच होतं, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. मॉरिसन काळ पुढेमागे करतात, माणसांची ओळख करून देत नाहीत, आणि ज्या एका घटनेभोवती सगळं फिरतं ती पुस्तकाच्या मध्याजवळ येईपर्यंत सांगतच नाहीत. ती सांगतात तेव्हाही आधी गुलाम पकडायला आलेल्या माणसांच्या नजरेतून.

याचं कारण पात्रांतच आहे. या माणसांना आठवायचं नाही. सेथा एका खानावळीत स्वयंपाक करते. पहाटे कणीक मळता मळता ती भूतकाळाला मागे रेटत असते आणि तेच तिच्या दिवसाचं खरं काम असतं. जी बाई स्वतःलाच पूर्ण गोष्ट सांगू धजत नाही, ती आपल्याला सरळ ओळीत कशी सांगेल? न कळलेलं तसंच सोडून पुढे जा. नावांची छोटी यादी करून पुस्तकात ठेवा. साठ-सत्तर पानांनंतर पाय जमिनीला लागतात.

ही खरी घडलेली गोष्ट आहे का?

गाभा खरा आहे, बाकी कल्पना. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर नावाची गुलाम स्त्री नवरा, मुलं आणि सासू-सासऱ्यांसह केंटकी राज्यातून पळाली. कडाक्याच्या थंडीने ओहायो नदी गोठली होती. ती बर्फावरून पार करून ते सिनसिनाटीत एका नातेवाइकाच्या घरी पोहोचले. काही तासांतच मालकाची आणि सरकारची माणसं घराभोवती जमली. पकडले जाणार हे दिसताच मार्गारेटने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा सुरीने चिरला. बाकीच्या मुलांनाही ती मारणार होती, तेवढ्यात तिला धरलं.

नंतरचा खटला मला त्या घटनेइतकाच भयंकर वाटतो. तिच्या बाजूच्या लोकांची धडपड होती की तिच्यावर ओहायोत खुनाचा खटला चालावा. खुनाचा आरोप माणसावरच ठेवता येतो, म्हणजे निदान कोर्टाच्या कागदावर तरी ती माणूस ठरली असती. मालकाचं म्हणणं होतं की ती आपली मालमत्ता आहे आणि पळालेली मालमत्ता परत मिळाली पाहिजे. मालक जिंकला. मार्गारेटला दक्षिणेकडे पाठवलं गेलं. वाटेत बोटींची टक्कर झाली आणि तिची तान्ही मुलगीही बुडाली. १८५८ साली विषमज्वराने मार्गारेट वारली.

मॉरिसन त्या काळी ‘रँडम हाउस’ या प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाची कागदपत्रं एकत्र करणाऱ्या एका ग्रंथावर काम करताना मार्गारेटबद्दलचं जुनं वृत्तपत्रीय कात्रण त्यांच्या हाती लागलं. तो ग्रंथ १९७४ साली निघाला. कादंबरी यायला आणखी तेरा वर्षं गेली. मार्गारेटच्या आयुष्याचे तपशील त्यांनी मुद्दाम फारसे शोधले नाहीत. कादंबरीतली सेथा कैद भोगून सुटते, तिला परत गुलामीत नेलं जात नाही. खऱ्या मार्गारेटला न मिळालेली पुढची वर्षं सेथाला मिळतात, आणि त्या वर्षांचं करायचं काय, इथून पुस्तक सुरू होतं.

पण नदी ओलांडून ओहायोत आलं की गुलाम स्वतंत्र होत होता ना?

ओहायोत गुलामगिरीला १७८७ पासूनच बंदी होती, त्यामुळे नदीचा उत्तर काठ म्हणजे स्वातंत्र्य अशी लोकांची भावना होती. कायदा तसं मानत नव्हता. १८५० च्या फरारी गुलाम कायद्याने मालकाला कुठल्याही राज्यात घुसून आपला गुलाम धरून नेता येत होता. पकडलेल्याला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती, ज्युरीही नव्हती. निवाडा करणाऱ्या आयुक्ताला माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर दहा डॉलर आणि सोडला तर पाच डॉलर मेहनताना मिळे. पळालेल्याला मदत करणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिने कैद होऊ शकत होती.

त्यामुळे नदी ओलांडली तरी भीती पाठीवरच राहायची. सेथाला मोकळ्या आयुष्याचे २८ दिवस मिळतात. त्या दिवसांत ती शेजारणींची नावं शिकते, त्यांच्या सुखदुःखात बसते, एक टाका शिवायला शिकते, सकाळी उठून आज काय करायचं ते स्वतः ठरवते. मग तिला आणि मुलांना परत न्यायला चार घोडेस्वार येतात, आणि सेथा गोठ्यात आपल्या रांगत्या मुलीला मारते.

कादंबरीत स्वातंत्र्य म्हणजे नेमकं काय? सुरुवात कुठल्या प्रसंगापासून करावी?

माझ्या मते बेबी सग्जच्या प्रवासापासून. तिला आठ मुलं झाली आणि एक हॅले, म्हणजे सेथाचा नवरा, सोडून सगळी तिच्यापासून तोडली गेली. काही विकली गेली, काही पळाली किंवा पळवली गेली. दोघींचा तर निरोपही घेता आला नाही. हॅलेने पाच वर्षं रविवारची सुट्टी न घेता दुसरीकडे राबून तिचं स्वातंत्र्य विकत घेतलं. तेव्हा ती साठीच्या पुढे होती आणि कंबर मोडलेली होती. या वयात सुटून काय करायचं, असं तिला वाटत होतं. मुलाला हवं आहे म्हणून ती निघाली.

कादंबरीतला मालक गार्नर (त्याच्या केंटकीतल्या शेताचं नाव ‘स्वीट होम’) स्वतः गाडीतून तिला नदीपार नेतो. पलीकडे पाय ठेवल्यावर तिला स्वतःचे हात दिसतात. तेच हात आयुष्यभर राबले होते, पण हे आपले आहेत हे आत्ता तिच्या लक्षात येतं. मग छातीत काहीतरी ठोकतंय असं तिला जाणवतं. स्वतःचं काळीज! ती मोठ्याने हसायला लागते. गार्नर विचारतो, काय झालं जेनी? ती सांगते, माझं काळीज धडधडतंय. मग ती विचारते, तुम्ही सगळे मला जेनी का म्हणता? तो सांगतो, तुझ्या विक्रीच्या पावतीवर तेच नाव होतं. इतकी वर्षं तिला कुणी नाव विचारलंच नव्हतं. गार्नर सुचवतो की सुटलेल्या बाईला पावतीवरचंच नाव शोभेल. ती ऐकत नाही. नवऱ्याचं आडनाव सग्ज, तो तिला बेबी म्हणायचा. तो कधी शोधत आलाच तर या नावाने तरी सापडेन, असा तिचा हिशोब.

हा एवढासा प्रसंग, पण त्यात शरीर, नाव आणि आपलं माणूस या तिन्ही गोष्टी परत मिळतात. कादंबरीतली स्वातंत्र्याची कल्पना याच तीन खांबांवर उभी आहे. सुटका होणं ही एक पायरी, सुटलेल्या जिवावर आपला हक्क सांगणं ही दुसरी. पहिली एका रात्रीत पार पडू शकते; दुसऱ्या पायरीवर सेथा अठरा वर्षं अडून बसली आहे.

दुसरी जागा पॉल डीच्या विचारात सापडते. सेथा त्याला सांगते की इथे पोहोचल्यावर मला मुलांवर मोठं प्रेम करता आलं, तिकडे ती प्रेम करण्यापुरतीही माझी नव्हती. त्याला ते लगेच कळतं. तिकडे माणूस लहान गोष्टी निवडून प्रेम करायचा, आकाशातला बारीकसा तारा, गवताचं पातं. बायको, मूल, भाऊ यांच्यावर जीव लावला तर त्यांना नेताना काळीज फाटायचं. हवं त्यावर, कुणाची परवानगी न घेता प्रेम करता येईल अशी जागा म्हणजे स्वातंत्र्य, असं पॉल डीला वाटतं. यावर मी बराच विचार केला आहे आणि मला याहून अचूक व्याख्या कुठे मिळालेली नाही.

‘स्वीट होम’चा मालक गार्नर चांगला होता. मग त्याच्यावर एवढा रोष का?

तो मारत नव्हता, बंदुका वापरू देत होता, आपल्या गुलामांना ‘पुरुष’ म्हणत होता आणि शेजाऱ्यांसमोर त्याची फुशारकीही मारत होता. पण तो मेल्याबरोबर त्याचा नातेवाईक स्कूलटीचर शेत सांभाळायला आला, आणि काल पुरुष असलेली तीच माणसं दुसऱ्या दिवशी जनावरं झाली. ज्याचं माणूसपण मालकाच्या मर्जीवर आहे त्याचं माणूसपण मालकाबरोबर मरतं, हे पॉल डीला पुढे उमगत जातं. चांगल्या मालकाची गोष्ट सांगून गुलामगिरी सुसह्य ठरवायची जुनी सवय अमेरिकेत होती. मॉरिसन तिला इथेच उत्तर देतात.

स्कूलटीचर वहीवाला माणूस आहे. तो गुलामांची डोकी मोजतो, प्रश्न विचारून टिपणं काढतो. एकदा सेथाच्या कानावर पडतं की तो आपल्या शिष्यांना तिच्याबद्दल लिहायला सांगतो आहे: माणसाचे गुण एका बाजूला, जनावराचे दुसऱ्या बाजूला. फटक्यांपेक्षा हे तिला खोल जातं. त्यात भर म्हणजे तो ज्या शाईने लिहितो ती शाई सेथानेच तयार केलेली आहे.

सेथाने मुलीला मारलं ते बरोबर की चूक?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. कादंबरीतच त्याची वेगवेगळी उत्तरं आहेत. सेथा म्हणते, मी माझ्या बाळांना सुरक्षित जागी नेलं. पॉल डी म्हणतो, तुला दोन पाय आहेत, चार नाहीत. आणि निघून जातो. हे बोलताना तो नकळत स्कूलटीचरच्या वहीतली दुसरी बाजू भरतो, हे विसरू नका. बेबी सग्जला सेथाची निवड मान्यही करता येत नाही आणि तिचा धिक्कारही करता येत नाही. ती अंथरूण धरते आणि उरलेल्या दिवसांत फक्त रंगांचा विचार करत राहते, निळा, पिवळा, मग गुलाबी. शेजारीण एलाला कृत्य पटत नाही, पण त्यामागचा संताप ती ओळखते.

माझं मत विचाराल तर, कृत्य भयंकर आहे आणि त्याची जबाबदारी सेथाची आहे. तिला ते कळतं म्हणूनच तर घरात भूत आहे. पण न्यायनिवाडा करताना गोठ्यात काय घडलं एवढंच बघितलं तर आपण त्या चार घोडेस्वारांच्या बाजूने उभे राहतो. गोठ्याचं दार उघडणारे ते होते. मुलीवर आपला हक्क आहे, तिचं काय करायचं ते आपण ठरवू, असं सेथा म्हणते तेव्हा तिच्या तोंडी मालकाचीच भाषा येते, हेही वाचकाने ऐकावं. गुलामगिरीने आईच्या प्रेमालाही मालकीचा आकार दिला, ही या पुस्तकातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

सेथा सारखी दुधाबद्दल का बोलते?

स्कूलटीचरच्या पुतण्यांनी तिला धरून तिचं दूध ओढून घेतलं, तेही ती गरोदर असताना. तिने मालकिणीला सांगितलं म्हणून नंतर तिला फटके मारले. पाठीवरच्या वळांचं झाडासारखं जाळं तिथलं आहे. पॉल डी ऐकतो तेव्हा फटक्यांवर अडतो, तुला त्या अवस्थेत मारलं? सेथा पुन्हा पुन्हा सांगते, त्यांनी माझं दूध नेलं. लहानपणी तिला स्वतःच्या आईचं दूध पुरेसं मिळालं नव्हतं. दाई आधी गोऱ्या बाळांना पाजायची, उरलं तर तिला. आपल्या मुलीसाठी ती जे घेऊन निघाली होती तेच लुटलं गेलं. दूध पोहोचवायचं या एकाच ध्यासावर ती सुजलेल्या पायांनी नदीपर्यंत येते.

पॉल डी, सिक्सो, हॅले हे पुरुष कसे तग धरतात?

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे आणि प्रत्येक जण तगतोच असंही नाही. हॅले माळ्यावरून बायकोचे हाल बघतो, खाली उतरता येत नाही, आणि त्याचं डोकं फिरतं. पॉल डी त्याला शेवटचं बघतो तेव्हा तो लोण्याच्या रवीजवळ बसून चेहऱ्याला लोणी फासत असतो. पॉल डी त्याच्याशी बोलू शकत नाही, कारण त्याच्या तोंडात लोखंडी लगाम घातलेला असतो. त्याच वेळी अंगणातला मिस्टर नावाचा कोंबडा टबाच्या काठावर ऐटीत बसलेला त्याला दिसतो. त्या कोंबड्याला अंड्यातून बाहेर यायला पॉल डीनेच मदत केली होती, आणि आता कोंबडा त्याच्यापेक्षा मोकळा आहे.

पुढे जॉर्जियात त्याला ४५ जणांबरोबर एका साखळीत बांधतात. रात्री जमिनीत खणलेल्या खोक्यांत ठेवतात. पावसाने खड्डे चिखलाने भरायला लागतात तेव्हा एक जण साखळीला हिसका देतो. तो हिसका एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि सगळे चिखलाखालून, एकमेकांच्या ओढीवर, बाहेर येतात. एकाने घाई केली असती किंवा एक जण मागे राहिला असता तर सगळेच गेले असते. एकट्याने सुटायची सोयच नव्हती. नंतर चेरोकी लोक त्यांची साखळी तोडतात आणि पॉल डीला उत्तरेचा रस्ता सांगतात: झाडांना फुलं येत जातील त्यांच्या मागे जा.

सिक्सोची आठवण वाचकांना फारशी राहत नाही, याचं मला वाईट वाटतं. हा माणूस आपल्या माणसाला भेटायला तीस मैल चालत जातो. डुकराचं पिल्लू मारून खाल्लं म्हणून विचारल्यावर तो शांतपणे सांगतो की ही चोरी नव्हे, मी तुमच्याच मालमत्तेला पोसतो आहे. स्कूलटीचर त्याला फटके देतो. शब्दांचे अर्थ कुणी ठरवायचे हे त्याला दाखवून द्यायचं असतं. शेवटी सिक्सोला जिवंत जाळायला लागतात तेव्हा तो हसतो, कारण त्याचं मूल जिच्या पोटात आहे ती निसटली आहे.

सेथाला ‘खंबीर स्त्री’ म्हणता येईल का?

परीक्षेच्या उत्तरांत हे हमखास लिहिलेलं असतं आणि मला ते पटत नाही. सेथा सोसते, कमावते, कुणापुढे हात पसरत नाही, हे खरं. पण ही ताठ मान तिला एकटी पाडते. अठरा वर्षं ती शेजारणींकडे जात नाही, मुलीला सहसा अंगणाबाहेर सोडत नाही. बिलव्हेड परत आल्यावर ती नोकरी घालवते, स्वतःच्या तोंडचा घास तिला भरवते, आणि दिवसेंदिवस खंगत जाते. मॉरिसन आपल्याला सोसण्याची पूजा करायला सांगत नाहीत. केवळ सोसत राहिलं तर माणूस आतून पोखरला जातो, हे त्या शंभरेक पानं दाखवत राहतात. पॉल डीनेही छातीत काळजाच्या जागी तंबाखूची गंजलेली डबी ठेवली आहे आणि तिचं झाकण कशानेच उघडू नये अशी व्यवस्था केली आहे. तगण्याची ही रीत उपयोगाची, पण तिची किंमत मोठी.

मग उभारी येते कुठून?

शेजारणींकडून, आणि अगदी साध्या मार्गाने. घरात खायला काही उरत नाही तेव्हा डेन्व्हर कित्येक वर्षांनी एकटी अंगणाबाहेर पडते. पायरीवर तिचे पाय अडतात. मेलेल्या आजीचा आवाज तिला ऐकू येतो: बाहेर धोका आहे, त्यापासून बचाव नाही, हे माहीत असू दे आणि तरी जा. ती जुन्या शिक्षिकेच्या, लेडी जोन्सच्या दारात जाते आणि काम मागते. लेडी जोन्स तिला ‘बाळा’ म्हणून हाक मारते. दोन दिवसांनी अंगणाच्या कडेला पांढऱ्या घेवड्याची पिशवी ठेवलेली असते. मग सशाच्या मांसाची ताटली, मग अंड्यांची टोपली. काहींवर नावाची चिठ्ठी असते, काहींना लिहिता येत नाही म्हणून नुसती खूण. रिकामी भांडी परत करायच्या निमित्ताने डेन्व्हर घराघरांत जाते, आणि बायका तिला आजीच्या गोष्टी सांगतात.

आपल्याकडे शेजारणीची वाटी कुणी रिकामी परत करत नाही; मराठी वाचक हे पान फार लवकर ओळखतो.

पण याच शेजाऱ्यांनी आधी पाठ फिरवली होती ना?

हो, आणि मॉरिसन ते लपवत नाहीत. सेथा आल्याच्या आनंदात, पळालेल्यांना नदीपार आणणारा स्टॅम्प पेड बादल्या भरून रानमेवा आणतो, बेबी सग्ज त्याचे ‘पाय’ (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) करते, आणि बघता बघता नव्वद माणसं जेवतात. दुसऱ्या दिवशी त्याच माणसांच्या मनात मत्सर उठतो. एवढं वाटायची ऐपत हिची कशी, ही कोण लागून गेली? त्या रागापायी घोडेस्वार येताना दिसूनही कुणी धावत येऊन सांगत नाही. पीडितांचा समाज आपोआप शहाणा आणि प्रेमळ असतो, असा गोड समज या पुस्तकात सापडणार नाही. म्हणूनच शेवटी एलाच्या पुढाकाराने तीस बायका बिलव्हेडला घालवायला त्या घरासमोर येऊन सूर लावतात तेव्हा त्यात जुन्या चुकीची भरपाईही असते. एला स्वतः तरुणपणी एका बापलेकांच्या घरात कोंडली गेली होती. सेथाबद्दल तिला फारसं प्रेम नाही, पण भूतकाळाने आजच्या घरात घुसून ताबा घ्यावा, हे तिला मान्य नाही.

बिलव्हेड नेमकी कोण? भूत, की कुणी हरवलेली मुलगी?

दोन्ही वाचनांना पुस्तकात आधार आहे. ती मेलेली मुलगी आहे, हे सेथा मानते. स्टॅम्प पेड एका गोऱ्याने कोंडून ठेवलेल्या मुलीबद्दल ऐकलेलं सांगतो, तीच ही असेल. पण तिच्या स्वतःच्या तुटक बोलण्यात अंधारात एकमेकांवर रचलेली माणसं, तहान, मेलेल्यांना समुद्रात ढकलणं येतं. हे गुलामांच्या जहाजाचं वर्णन आहे. आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली गेली आणि त्यांतली अंदाजे १८ लाख वाटेतच मेली. त्यांची थडगी नाहीत, नावंही नाहीत. कादंबरीची अर्पणपत्रिका ‘सहा कोटी आणि अधिक’ यांना आहे. आकड्यावर वाद झाला, रोख मात्र स्पष्ट आहे. मला ही तिसरी ओळख सर्वांत महत्त्वाची वाटते, पण पहिल्या दोन पुसून नव्हे.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

कथा घडते त्याच साली, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांचं ‘गुलामगिरी’ पुण्यात प्रसिद्ध झालं, आणि त्यांनी ते अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढे १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावच अमेरिकेतून आलं होतं. हे नातं आपल्या लोकांनी जाणतेपणी जोडलेलं आहे.

तरी जात आणि गुलामगिरी एकाच मापाने मोजू नका. पाण्याला शिवू न देणं आणि माणसाचा लिलाव करणं या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. पॉल डीला आपली किंमत ९०० डॉलर असल्याचं कानावर येतं, त्या क्षणाची भीती वेगळी आहे. जवळीक आहे ती पुढच्या कामात: कायदा बदलल्यावरही मनातला मालक हाकलायचा कसा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

या विषयावर निबंध किंवा उत्तर लिहायचं आहे. काय लिहू?

‘स्वातंत्र्य’ आणि ‘चिवटपणा’ हे दोन मथळे करून पात्रांची यादी देऊ नका. एक प्रसंग घ्या आणि त्यात खोल जा. बेबी सग्जने रानातल्या मोकळ्या जागी केलेलं प्रवचन त्यासाठी उत्तम. ती लोकांना पाप-पुण्य सांगत नाही. आधी मुलांना हसायला सांगते, पुरुषांना नाचायला, बायकांना रडायला. मग सगळं मिसळून जातं. मग ती म्हणते, आपल्या हातांवर, मानेवर, काळजावर प्रेम करा, कारण तिकडे कुणी करत नाही. या प्रसंगासमोर तिचं अंथरूण धरणं ठेवा, आणि मग डेन्व्हरचं अंगणाबाहेर पाऊल टाकणं ठेवा. एवढ्यात उत्तर पूर्ण होतं. शेवट सुखान्त आहे असं लिहू नका. पॉल डी परत येतो, सेथाचे पाय धुवायला पाणी तापवू का विचारतो, तुझी सर्वांत मोलाची गोष्ट तूच आहेस असं तिला सांगतो. ती उत्तरादाखल फक्त ‘मी? मी?’ एवढंच विचारते. तिला अजून खात्री नाही.

मुलांना वाचायला द्यावी का? चित्रपट बघितला तर चालेल का?

लैंगिक अत्याचार, बालहत्या आणि छळ यांची वर्णनं थेट आहेत. सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाला द्या, पण सोबत वाचा आणि बोला. चित्रपट १९९८ साली आला. सेथाची भूमिका ओप्रा विन्फ्रे यांनी केली. तो प्रामाणिक आहे, पण पात्रांच्या डोक्यातला आवाज पडद्यावर पुरेसा येत नाही. पुस्तकानंतर बघा.

यानंतर काय वाचावं?

ज्यांनी गुलामी स्वतः भोगली त्यांचं लिहिलेलं. फ्रेडरिक डग्लस यांचं आत्मकथन १८४५ चं, हॅरिएट जेकब्ज यांचं १८६१ चं. जेकब्ज जवळजवळ सात वर्षं आजीच्या घराच्या माळ्यावर, उभंही राहता येणार नाही अशा फटीत लपून होत्या आणि एका भोकातून खाली खेळणारी आपली मुलं बघत होत्या. या लेखकांना गोऱ्या वाचकांच्या संकोचापायी बरंच झाकावं लागलं, अत्याचाराच्या जागी पडदा ओढावा लागला. तो पडदा बाजूला करणं हे आपलं काम आहे, असं मॉरिसन यांनी लिहून ठेवलं आहे. आधी जेकब्ज वाचून मग ‘बिलव्हेड’ दुसऱ्यांदा वाचली, तर तो कुठे कुठे बाजूला झाला ते पानोपानी दिसेल.